न दुखणारी गाठ

लग्नाचा मांडव उतरला त्या दिवशी नाना जेवला, उठला आणि मोरीपाशी जाऊन त्याने चूळ भरली. पाणी तोंडात राहिलं नाही. ओठाच्या कडेने ते सदऱ्यावर आलं. नानाने पुन्हा चूळ भरली. पाणी पुन्हा सदऱ्यावर आलं. वहिनीने टॉवेल दिला. नानाने तो खांद्यावर टाकला आणि आरशाकडे गेला. मी पाटावर बसून पाहत होतो.

नाना म्हणजे माझा थोरला भाऊ. रावेर आणि फैजपूरच्या मधल्या एका गावात त्याची केळीची बाग होती. मी धुळ्याला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. आयुष्यात एकदाही वर्गात उभा राहिलो नाही, तरी नाना मला मास्तर म्हणायचा. त्याच्या हिशेबाने पुस्तकांजवळ बसणारा माणूस मास्तरच. त्यातला एखादा शिकवत नसेल तर तो आळशी मास्तर.

आरशात नानाला जे दिसलं ते दिसू नये म्हणून आमच्या सगळ्या घराने वर्षभर मोठी हुशारी केली होती. गाठ काढली तर तोंड वाकडं होईल, म्हणून आम्ही गाठ ठेवून घेतली. गाठीने मग तोंड वाकडं करून दाखवलं. अर्थात लग्न आटोपेपर्यंत ती थांबली. फोटो झाले, पंगती उठल्या, व्याही गेले, मंडपवाल्याने बांबू मोजून नेले आणि मग तिने आपलं काम केलं. आमच्या भावकीतल्या कितीतरी माणसांना एवढी रीतभात नाही.

गाठ पहिल्यांदा सापडली ती न्हाव्याला. दाढी करताना त्याच्या बोटाला उजव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर काहीतरी लागलं. बोराएवढं, गोल, दाबलं तर इकडेतिकडे सरकणारं. दुखत नव्हतं. नानाने घरी येऊन सांगितलं आणि अर्ध्या तासात गावाने निदान केलं: गालगुंड.

गालगुंड लहान मुलांना होतं, ताप येतो, बहुतेक वेळा दोन्ही गाल सुजतात, गिळताना कान दुखतो आणि आठवड्यात सगळं उतरतं. नाना साठीला आलेला, एकच बाजू, ताप नाही, दुखणं नाही आणि महिना होऊन गेलेला. पण या बारीकसारीक गोष्टींसाठी निदान बदलायची आमच्याकडे पद्धत नाही. गालगुंडावर आमच्या गावात कुंभाराच्या चाकावरची माती लावतात. ती आणली गेली. नाना तीन रविवार उजव्या गालाला माती थापून ओट्यावर बसला. येणाजाणाऱ्यांशी तो डाव्या बाजूने बोलायचा. माती वाळली की गालाला ओढ बसते, आणि ओढ बसली की औषध लागू पडतंय असं वाटतं. माती वाळायची, पडायची. गाठ होती तिथेच असायची.

एव्हाना मी वाचायला लागलो होतो. मला तेवढंच येतं. घरात कुणाला काही झालं की लोक धावपळ करतात, मी कपाटाकडे जातो. लाळेच्या ग्रंथी हा विषय मी वाचला तेव्हा मला आपल्या भागाबद्दल नवलच वाटलं. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही बसस्टँडच्या भिंतीकडे पाहिलं तर लाळ या द्रव्याचा इतका उदार वापर जगात क्वचितच होत असेल. कोपरे लाल, जिने लाल, 'येथे थुंकू नये' ही पाटीही लाल. पण ही एवढी लाळ येते कुठून, असं भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, तोंडातून. मीसुद्धा त्याआधी तेच म्हणालो असतो.

ती येते ग्रंथींतून. सगळ्यात मोठी जोडी कानांच्या पुढे, गालाच्या कातडीखाली आणि जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेली. दुसरी जबड्याच्या हाडाखाली. तिसरी जिभेच्या खाली. शिवाय ओठांच्या, गालांच्या आणि टाळूच्या अस्तरात बारीक बारीक असंख्य. लाळ घास ओला करते, दातांची कीड थोपवते, तोंडातले जंतू धुऊन काढते. आणि कानापुढच्या ग्रंथीतूनच चेहरा हलवणारी नस जाते. मिटणारा डोळा, हसणारा ओठ, फुगणारा गाल, सगळं त्या एका नसेच्या फांद्यांवर चालतं. नानाची गाठ त्याच ग्रंथीत होती. हे मी त्याला फोनवर सविस्तर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, तुझी कोणती होती?"

इथे माझ्या स्वतःच्या गाठीची हकिकत सांगावी लागेल, कारण नानाच्या सगळ्या तर्कशास्त्राचा पाया तीच होती.

त्याआधी काही वर्षं मला जबड्याखाली सूज यायची. विचित्र सूज होती. एरवी नसायची. जेवणाचं ताट समोर आलं की यायची, तासाभरात उतरायची. हिवाळ्यात नानाच्या बागेत भरीत-पुरीचा बेत होता. वांगी भाजल्याचा वास आला आणि मी पहिला घास घेण्याआधीच माझ्या जबड्याखाली लिंबाएवढा फुगा आला. दुखणं असं की मी ताट सोडून उठलो. जळगाव जिल्ह्यात भरिताच्या ताटावरून उठलेला माणूस लोक लवकर विसरत नाहीत. धुळ्याच्या डॉक्टरांनी जिभेखाली बोट घालून सांगितलं, लाळेच्या नळीत खडा आहे. खायची वेळ झाली की ग्रंथी लाळ सोडते, वाटेत खडा, मग लाळ तुंबते. पाणी किती पिता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चहा घेतो. ते म्हणाले, चहा म्हणजे पाणी नव्हे. आमच्या भागात मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटतं आणि मी दिवसभर ग्रंथालयात दोन कप चहावर बसून असायचो. लाळ दाट झाली, त्यातले क्षार साचले, त्याचा खडा झाला. भरपूर पाणी, लिंबाची फोड चोखायची, जबड्याखालून पुढच्या बाजूला हलकं चोळायचं आणि तोंड स्वच्छ ठेवायचं, एवढ्यावर खडा एके दिवशी दात घासताना बेसिनमध्ये पडला. ज्वारीच्या दाण्याएवढा होता.

नानाने यातून जो निष्कर्ष काढला तो असा: मास्तरची गाठ दुखत होती, तरी ती लिंबाने गेली. आपली तर दुखतही नाही. म्हणजे आपली अधिकच साधी.

मी त्याला उलट सांगत होतो. जेवताना येणारी, दुखणारी आणि उतरणारी सूज बहुतेक वेळा खड्याची असते, नाहीतर जंतूंची. डॉक्टरकडे त्याही सुजेला न्यावं लागतंच, पण एकाच जागी बसून राहिलेली, न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ आधी दाखवावी. तिच्या न दुखण्याला आपण भुलतो. नाना म्हणाला, "दुखत नाही तं कायले जायाचं? दुखलं म्हंजे जाऊ." सगळं गाव या वाक्यावर चालतं. बैल बसला तर तो तालुक्याहून डॉक्टर आणायचा, केळीच्या पानावर एक डाग दिसला तर कृषी केंद्रात जायचा. स्वतःच्या गालापुरता मात्र त्याने दुखण्याची वाट पाहायचं ठरवलं आणि तोवर लिंबं चोखली.

अखेर मी धुळ्याहून गेलो आणि त्याला जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी गाठ तपासली, तोंडाच्या आत पाहिलं, डोळे घट्ट मिटायला लावले, गाल फुगवायला लावले, दात दाखवायला सांगितले. नस ठीक होती. त्यांनी सोनोग्राफी करायला लावली आणि म्हणाल्या की बारीक सुई घालून गाठीतल्या पेशी तपासू, म्हणजे ती कोणत्या जातीची आहे ते कळेल. सुई म्हणताच नाना खुर्चीवरून उठला. घरी विचारून सांगतो म्हणाला. नवऱ्या मुलाकडचे लोक मुलगी पाहून झाल्यावर म्हणतात, अगदी त्या सुरात.

घरी विचारायचं म्हणजे आबांना. आबा आमचे चुलते, नानापेक्षा थोडे मोठे. कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असायचं आणि ते ऐकायला ओट्यावर माणसंही असायची. आबांनी सुईचं नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला. गाठीला सुई लावली की गाठ पसरते, हे त्यांना ठाऊक होतं. बोदवडच्या कुणा माणसाला सुई लावली आणि तो पुढचा पोळा पाहू शकला नाही. मी म्हणालो, आबा, त्याला आधीच कर्करोग असेल, म्हणून तर सुई लावली. सुईने तो झाला नाही, सुईने तो सापडला.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "मंग सुई लावाच्या आधी तो जित्ता कसा होता?"

ओट्यावरची माणसं हसली. जगातले मोठमोठे वैद्य या प्रश्नासमोर उभे केले तरी आमच्या ओट्यावर हरतील. सुई लांबली.

वर्ष गेलं, दुसरं लागलं. गाठ बोराची सुपारी झाली, सुपारीचं लिंबू झालं. आमच्याकडे आजाराची मापं खाण्याच्या वस्तूंत देतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला भीती वाटत नाही. मग पुतणीचं लग्न ठरलं.

नानाचं गावातलं खरं काम केळीचं नव्हतं, सोयरिकीचं होतं. आजूबाजूच्या गावांतली लग्नं त्याच्या मध्यस्थीने जमायची. अडलेल्या बैठकीत तो मधे बसायचा, एका बाजूकडे पाहून हसायचा, दुसऱ्या बाजूकडे पाहून भुवई उचलायचा आणि दोन्ही बाजूंना वाटायचं की नाना आपला आहे. आता त्याच्याच एकुलत्या मुलीचं लग्न होतं, आणि व्याही मंडळी गाठीकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. तेव्हा कुठे नाना सुईला तयार झाला. दीड वर्ष माझ्या वाचनाने जे झालं नाही, ते होणाऱ्या व्याह्याच्या एका नजरेने झालं.

सुई लागली. नाना म्हणाला, मुंगी चावल्यासारखं झालं. आठवड्याने रिपोर्ट आला आणि डॉक्टरबाईंनी समोर बसवून समजावलं. "आज ही साधी गाठ आहे. पण ती औषधाने जाणार नाही आणि आपोआपही जाणार नाही. ठेवली तर वाढेल. वर्षानुवर्षं ठेवलेल्या अशा काही गाठी पुढे स्वभाव बदलतात. म्हणून साधी आहे तोवरच काढायची असते."

मग त्यांनी नसेबद्दल सांगितलं. नस जपूनच ऑपरेशन करतात, पण तिला धक्का लागला तर काही आठवडे, काही महिने तोंड थोडं वाकडं वाटू शकतं. बहुतेकांचं ते सुधारतं. कधी क्वचित नाहीही सुधारत. गाठ मध्येच झपाट्याने वाढली, दुखायला लागली, हलेनाशी झाली किंवा डोळा मिटेनासा झाला, तर एक दिवसही थांबू नका, असंही त्या म्हणाल्या.

या सगळ्यातले दोन शब्द नाना घरी घेऊन आला. साधी आणि वाकडं. ओट्यावर बैठक बसली. साधी आहे म्हणजे घाई नाही, यावर एकमत झालं. वाकडं म्हणजे मुलीच्या लग्नात बापाचं तोंड वाकडं, यावरही एकमत झालं. लोक म्हणतील, नानाच्या अंगावरून वारं गेलं. फोटोत पिढ्यान्‌पिढ्या ते तोंड राहील. तेव्हा ऑपरेशन लग्नानंतर. आबांनी तर असं सुचवलं की सुई लागलीच आहे, तर आता गाठ निवांत बसू द्यावी, जास्त छेडू नये.

फक्त वहिनी बोलली. ती साक्रीकडची, अजून माहेरची अहिराणी बोलते. चहाचे कप उचलता उचलता ती नानाला म्हणाली, "तोंड तुम्हनं शे, लोकेसनं नही. लगीन पुढला महिनाम्हा बी व्हई." नाना म्हणाला, "तुले काय समजतं त्यातलं?" वहिनीने कप आत नेले. त्या बैठकीत ऐकण्यासारखं एवढंच बोलणं झालं, आणि ते स्वयंपाकघरात गेलं.

लग्न पुढे गेलं, पण ऑपरेशनसाठी नाही. दिवाळीनंतरची तिथी होती, ती व्याह्यांकडचे आजोबा वारले म्हणून गेली. मग माघातली धरली, तर थंडीने केळीच्या पानांवर करपा रोग आला आणि नानाचा जीव बागेत अडकला. शेवटी वैशाख. व्याह्यांचे आजोबा, केळीचा करपा, मंगल कार्यालयाची तारीख, बँडवाल्याची सोय, प्रत्येकासाठी लग्न थांबलं. गाठीसाठी थांबवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. ती बिचारी कुणाची नातेवाईक नव्हती.

माघानंतर नाना उजव्या कुशीवर झोपेनासा झाला. हे वहिनीने मला नंतर सांगितलं. मी फोन केला की तो ठीक आहे म्हणायचा आणि बागेचं बोलायचा. दुखलं म्हणजे जाऊ, असं तो पूर्वी म्हणाला होता. आता दुखत होतं, तर लग्न तोंडावर आलं होतं. मी गुढीपाडव्याला गेलो तेव्हा गाठ कातडीला ओढून बसली होती, बोटाने हलत नव्हती. मी म्हणालो, उद्या जळगाव. तो म्हणाला, वैशाख होऊ दे. मी आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदाच चढवला असेन, कारण नाना आधी दचकला आणि मग हसला. "मास्तर, ग्रंथालयात असं ओरडत होता का?"

लग्नात फेटा बांधणाऱ्याला उजव्या कानावरून खाली ओढून बांधायला सांगितलं होतं. फोटोग्राफरला सांगितलं होतं की नानाचे फोटो डाव्या बाजूने घे. त्याने इमानाने घेतले. अल्बममध्ये नाना कुणाकडेच सरळ पाहत नाही. सगळ्या लग्नभर तो एखाद्या नाण्यावरच्या राजासारखा आहे. तोंड मात्र अगदी सरळ. त्यासाठीच तर सगळं केलं होतं.

मग ती चूळ.

जळगावच्या बाईंनी त्याच दिवशी तपासलं आणि नाशिकला चिठ्ठी लिहून दिली. नाशिकला कळलं की गाठीने स्वभाव बदलला आहे. ऑपरेशन झालं. जपायची होती ती नस गाठीने आधीच गिळली होती, तेव्हा ती गाठीबरोबर गेली. त्यानंतर किरणोपचार. उजवा डोळा मिटत नव्हता, त्यात वहिनी थेंब घालायची आणि रात्री त्यावर पट्टी लावायची. ओठ मिटत नव्हते, त्यामुळे ओठांनी बोलायची अक्षरं नानाला जड जायची. किरणांनी त्या बाजूच्या ग्रंथी सुकवल्या आणि तोंड कोरडं पडलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ही त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती. आता एक घास तोंडात घातला की तो तिथेच लाकडासारखा बसायचा. वहिनी भाकरी ताकात कुस्करून द्यायची. तो पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसायचा आणि घोट घोट घ्यायचा. डॉक्टरांनी दातांना जपायला सांगितलं होतं, कारण लाळ नसली की दात भराभर किडतात. नाना दिवसातून तीनदा दात घासायचा, चूळ भरताना ओठ बोटांनी दाबून धरायचा.

भेटायला माणसं आली. केळीच्या बागायतदाराला भेटायला लोक केळी घेऊन आले. सगळ्यांनी एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी म्हटलं: जरा आधी दाखवायला पाहिजे होतं. ओट्यावर बसून आधी दाखवू नका म्हणणारीच ही माणसं होती. मी त्यांना चहा दिला. काहींनी मला विचारलं की तंबाखू नाही, दारू नाही, मग झालं कसं. मी म्हणालो, धूम्रपान, तंबाखू टाळावीच, पण गाठीला तेवढंच कारण लागतं असं नाही. गाठ कशाने होते ते पुष्कळदा कळत नाही, ती लवकर काढायची एवढंच आपल्या हातात असतं. त्यांनी माना हलवल्या आणि उठताना सांगितलं की अमक्या ठिकाणी झाडपाल्याचं चांगलं औषध मिळतं.

पावसाळा सरता सरता आबा एके सकाळी माझ्याकडे आले. मी तेव्हा गावातच राहत होतो. ते ओट्यावर बसले नाहीत, सरळ आत आले, दार लोटून घेतलं. जबड्याखाली सूज येते म्हणाले. जेवायला बसलं की येते. दोनच दिवस झाले होते. मी सांगितलं, माझी होती तशीच दिसते, पाणी प्या, पण एकदा दाखवून घ्या. ते म्हणाले, दाखवायचंच आहे, त्या जळगावच्या बाईंचा पत्ता दे. मी दिला. ते त्याच दिवशी बसने गेले. सोनोग्राफी केली, आणि बाईंना गरज वाटत नसताना स्वतः म्हणाले की सुई घालूनच बघा, मनात किंतू नको. बाईंनी समजावलं की खडा स्वच्छ दिसतोय, सुईचं काम नाही. तरी आबांनी दोनदा विचारलं, असं त्यांच्याबरोबर गेलेल्या त्यांच्या मुलाने आम्हाला सांगितलं. खडाच होता. नळीच्या तोंडाशी छोटी चीर देऊन तो काढला आणि आबा संध्याकाळच्या बसने परत आले.

दुसऱ्या दिवशी ते नानाला भेटायला आले. नाना खाटेवर बसला होता, मांडीवर बाटली. वहिनी सुपात डाळ पाखडत होती. आबा बसले. नाना त्यांच्याकडे वळला. मग बोटाने ओठाचा कोपरा वर धरून, म्हणजे शब्द नीट यावेत म्हणून, त्याने विचारलं, "काय आबा, पसरली का?"

वहिनीचं सूप थांबलं. मला वाटलं आबा उठून जातील. ते उठले नाहीत. म्हणाले, "नाना, तुले कोनी सांगितलं होतं माह्यं आयकाले?"

इतकं खरं बोलणं आमच्या ओट्यावर मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नाना हसला. त्याचा डावा अर्धा चेहरा हसला आणि उजवा तसाच राहिला. आबा रडले. मग वहिनीने चहा केला आणि आम्ही तिघं केळीच्या भावाबद्दल बोलत बसलो.

त्यानंतर नानाने एक काम हाती घेतलं. गावात कुणाला गाल सुजला, मानेला गाठ आली, जिभेखाली काही लागलं असं कळलं की तो निरोप पाठवायचा. माणूस आला की काही बोलायचा नाही. बोलणं त्याला जड जायचं. समोर बसवायचा, चेहऱ्यावर बांधलेला रुमाल सोडायचा आणि आपला गाल दाखवायचा. लोक दुसऱ्या दिवशी जळगावची बस धरायचे. जे मी कपाटभर पुस्तकांनी करू शकलो नाही ते नाना एका रुमालाने करायचा. सोयरिकीच्या बैठकांना त्याला कुणी बोलवेनासं झालं होतं. वाकडं तोंड शुभकार्यात नको, एवढं गावाला अजूनही कळत होतं.

थंडीत त्याला खोकला सुरू झाला. नाशिकच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की फुप्फुसात पोचलं आहे. नानाला मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "बरं." परतीच्या गाडीत तो खिडकीला टेकून बसला. जळगाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली, तेव्हा त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "मास्तर, तू ओरडला होता त्या दिवशी," तो म्हणाला, "मले तेव्हा गाठीची भीती वाटत नव्हती. पोरीच्या लग्नात वाकडा हसलो असतो तं तिले काय वाटलं असतं, तेच डोक्यात होतं."

हे मी पुतणीला सांगितलं नाही.

नाना होळीनंतर गेला, सकाळी, घरीच. वहिनी डोळ्यात थेंब घालायला गेली तेव्हा तिला कळलं.

आता बाग बटाईने दिली आहे. पुतणीला मुलगी झाली. गालगुंडाची लस तिने दवाखान्यात स्वतः विचारून मुलीला टोचून घेतली. आबा पाणी पितात आणि ओट्यावर बसतात, पण कुणी आजाराचं विचारलं तर जळगावला जा एवढंच म्हणतात. कुंभाराकडे माती न्यायला लोक अजून जातात. वहिनी गावात राहते, मी धुळ्याला. संध्याकाळी ती फोन करते, जेवलास का विचारते, मी हो म्हणतो. मग ती बागेचं बोलते, नाना बोलायचा तसं. नाना नाही.